सीडीकेवरच्या फ्रेमवर्कमध्ये बन रनटाइमचा सपोर्ट टाकायचा आहे, मतं हवीत

फुटाणा:

मंडळी, तांत्रिक धागा आहे, रस नसेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

आमची टीम एडब्ल्यूएस सीडीकेवर (अमेझॉनच्या क्लाउडवरच्या सेवा कोडमधून उभ्या करायचं साधन) बेतलेलं एक छोटं फ्रेमवर्क सांभाळते. ओपन सोर्स आहे, पण वापरणारे बहुतेक घरचेच. डेव्हलपरने हँडलरची (रिक्वेस्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनची) फाइल आणि रूट द्यायचा; लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता फंक्शन चालवणारी एडब्ल्यूएसची सेवा), एपीआय गेटवे, परवानग्या, अलार्म हे सगळं फ्रेमवर्क उभं करून देतं. रनटाइम, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, नोडच असणार हे सुरुवातीपासून गृहीत धरलेलं. ते गृहीतक किती ठिकाणी मुरलंय ते आता कळतंय, कारण बनचा (नोडला पर्याय असलेल्या रनटाइमचा) सपोर्ट द्या म्हणून मागणी आलीय आणि काही उत्साही मंडळींनी पीआरसुद्धा (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) टाकलाय.

पीआर बघण्यासारखा आहे. रनटाइमच्या एनममध्ये (ठरावीक नावांच्या यादीत) 'बन' हे एक नाव वाढवलंय आणि सीडीकेच्या नोडजेएसफंक्शनकडे ते तसंच सरकवलंय. साहजिकच सिंथ करताना (सीडीके कोडवरून टेम्प्लेट बनवतं ती पायरी) 'ओन्ली नोडजेएस रनटाइम्स आर सपोर्टेड' म्हणून तोंडावर आपटतं. ती तपासणी चुकवून आत गेलात तरी पुढे आणखी एक चौकी आहे. ईएसबिल्डचं (सगळा कोड एकत्र बांधणाऱ्या बंडलरचं) टार्गेट ठरवायला सीडीके रनटाइमच्या नावातून 'नोडजेएस'पुढचा आकडा उपटून घेतं. आकडाच नाही, तर टार्गेट कुठलं?

लॅम्डाच्या लेखी बन नावाचा रनटाइमच नाही. म्हणजे प्रोव्हायडेड.एएल२०२३ (नुसती ऑपरेटिंग सिस्टिम देणारा पर्याय) घ्यायचा आणि बन आपण सोबत न्यायचा. बनची बायनरी लेयरमध्ये (फंक्शनला वेगळी जोडायची झिप) घालता येईल, किंवा बन बिल्डच्या कंपाइल पर्यायाने कोड आणि रनटाइम मिळून एकच एक्झिक्युटेबल करता येईल, नाहीतर सरळ कंटेनर इमेज. कोणी प्रॉडक्शनला यातलं काही चालवलंय का? आणि फ्रेमवर्कच्या एपीआयमध्ये हे कसं मांडावं?

सेमीकोलन:

अरे वा, आवडता विषय! लोक उगाच घाबरतात, आतलं यंत्र फार साधं आहे. २०१८ च्या री:इन्व्हेंटमध्ये (एडब्ल्यूएसच्या वार्षिक परिषदेत) कस्टम रनटाइम आले, तेव्हापासून करार तोच आहे. रनटाइम एपीआयच्या पत्त्यात आजही २०१८-०६-०१ हीच तारीख असते. लॅम्डा 'बूटस्ट्रॅप' नावाची एक्झिक्युटेबल फाइल शोधून चालवतं. एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एपीआयचा होस्ट आणि पोर्ट मिळतो. मग अखंड लूप: 'नेक्स्ट'ला गेट (एचटीटीपीची GET रिक्वेस्ट) मारायचं, इव्हेंट येईपर्यंत थांबायचं, आला की हँडलर चालवायचा, उत्तर त्या रिक्वेस्ट आयडीखालच्या 'रिस्पॉन्स'ला पोस्ट करायचं. हँडलर फुटला तर 'एरर'ला. पुन्हा नेक्स्ट.

रिक्वेस्ट आयडी, डेडलाइन, फंक्शनचा एआरएन (एडब्ल्यूएसमधलं पूर्ण नाव), ट्रेस आयडी हे सगळं नेक्स्टच्या हेडर्समध्ये येतं. कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट त्यातूनच बनवायचा. 'किती वेळ उरला' सांगणारं फंक्शन म्हणजे डेडलाइन वजा आत्ताची वेळ, बास. बनच्या स्वतःच्या रेपोत लॅम्डासाठीचं पॅकेज आहे, ते एकदा वाचा, तासाभरात डोक्यात बसेल.

माझं मत कंपाइलला. बायनरीचं नाव बूटस्ट्रॅप ठेवा, झिप करा, टाका. शिवाय टाइपस्क्रिप्ट जसं आहे तसं चालतं हा बोनस.

जुनं खोड:

एक बाळबोध प्रश्न. कशासाठी?

बन १.० सप्टेंबर २०२३ मध्ये आलं तेव्हा टाइपस्क्रिप्ट थेट चालणं ही चैन होती. आता नोड २२.१८ पासून टाइप स्ट्रिपिंग (टाइप गाळून टाइपस्क्रिप्ट थेट चालवणं) विनाफ्लॅग मिळतं. एनम आणि कन्स्ट्रक्टरमधल्या पॅरामीटर प्रॉपर्टी त्यात चालत नाहीत, मान्य. पण फुटाणारावांच्या फ्रेमवर्कमध्ये सगळा कोड ईएसबिल्डमधून गाळूनच जातो. लॅम्डापर्यंत टाइपस्क्रिप्ट पोचतंच कुठे?

वेगाचं म्हणाल, तर ते प्रसिद्ध आलेख एचटीटीपी सर्व्हर सेकंदाला किती रिक्वेस्ट झेलतो ते दाखवतात. नेहमीच्या लॅम्डात एका एन्व्हायर्नमेंटकडे एका वेळी एकच रिक्वेस्ट असते, आणि आपले बहुतेक हँडलर डायनामोडीबीची (एडब्ल्यूएसच्या डेटाबेसची) नाहीतर कुठल्यातरी तिसऱ्याच एपीआयची वाट बघत बसलेले असतात. वाट बघण्यात बन नोडपेक्षा हुशार नाही.

सेमीकोलन:

खोडसाहेब, तुम्ही नेहमीप्रमाणे पाणी ओतलंत. :)

कोल्ड स्टार्टचं (नवं एन्व्हायर्नमेंट सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाचं) काय? बन व्ही८ (नोडमधलं जावास्क्रिप्ट इंजिन) वापरत नाही, सफारीतलं जावास्क्रिप्टकोअर वापरतं, आणि त्या इंजिनाचा भर आधीपासून लवकर सुरू होण्यावर आहे. आकडे इथे टाकत नाही, कारण मेमरी बदलली की ते उलटेपालटे होतात. १,७६९ एमबीला एक पूर्ण व्हीसीपीयू मिळतो, त्याखाली हिश्शाने. २५६ एमबीवर मोजलेलं आणि २ जीबीवर मोजलेलं यांचा एकमेकांशी संबंध नसतो. ज्याने त्याने आपल्या हँडलरवर मोजावं.

दुसरं म्हणजे, लोक लोकली बन वापरतातच. बन इन्स्टॉल, बन टेस्ट. प्रॉडक्शनला मात्र नोड. एकदा का कोणी बनची स्वतःची फाइल किंवा एसक्यूएलची एपीआय कोडमध्ये वापरली की टेस्ट हिरव्या आणि लॅम्डावर बोंब.

जुनं खोड:

मग वापरू देऊ नका. लिंटचा (कोड तपासणाऱ्या साधनाचा) एक नियम लागतो त्याला, रनटाइम नाही.

अबोली:

मी ऑब्झर्व्हेबिलिटीवाली, त्यामुळे मला लूपपेक्षा लूपच्या आजूबाजूचं जास्त दिसतं. सेमीकोलन, तुमचं वर्णन बरोबर आहे, पण 'लॅम्डावर बन चालतं' आणि 'फ्रेमवर्क बनला सपोर्ट देतं' यांच्यामध्ये बरंच सामान आहे. जरा विस्ताराने लिहिते.

सगळ्यात आधी एसडीके, म्हणजे एडब्ल्यूएसच्या सेवांशी बोलणारी लायब्ररी. नोड १८ आणि पुढच्या रनटाइमसाठी बंडल करताना सीडीके एडब्ल्यूएस एसडीके व्ही३ ची पॅकेजेस आणि त्यांच्याखालची स्मिदीची पॅकेजेस बंडलच्या बाहेर ठेवतं, कारण मॅनेज्ड (एडब्ल्यूएसने स्वतः पुरवलेल्या) रनटाइममध्ये ती आधीच असतात. प्रोव्हायडेडमध्ये ती नसतात. तिथे नुसती ऑपरेटिंग सिस्टिम असते. पीआरवाल्यांनी टार्गेटचा प्रश्न कसाबसा सोडवला आणि बंडलिंग तसंच ठेवलं, तर डिप्लॉय हिरवं होईल आणि पहिल्याच इन्व्होकेशनला डायनामोडीबीचा क्लायंट सापडत नाही म्हणून इनिट (फंक्शन सुरू होण्याचा टप्पा) कोसळेल. युनिट टेस्टमध्ये हे दिसणार नाही, कारण तिथे नोड मॉड्यूल्सचं फोल्डर शेजारीच असतं. तेव्हा बनसाठी एक्स्टर्नलची यादी रिकामी करा आणि बंडल फुगणार हे स्वीकारा.

मग लॉग. नोडच्या मॅनेज्ड रनटाइममधलं कन्सोल.लॉग हे मूळचं नसतं. रनटाइम ते बदलतो आणि प्रत्येक ओळीआधी वेळ, रिक्वेस्ट आयडी आणि लेव्हल टॅब टाकून जोडतो. तुम्ही 'ऑर्डर मिळाली' लिहिता, क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसच्या लॉगच्या सेवेत) त्याच्या डाव्या बाजूला हे सगळं आयतं दिसतं. बनच्या बूटस्ट्रॅपमधून नुसतं 'ऑर्डर मिळाली' जाईल. तुमच्या रनबुकात (अडचणीच्या वेळी वाचायच्या सूचनांत) रिक्वेस्ट आयडीने लॉग गाळायची क्वेरी असेल, तर तिला स्टार्ट, एंड आणि रिपोर्ट या प्लॅटफॉर्मच्या ओळी सापडतील, मधलं काहीच नाही. रात्री अडीचला ऑनकॉलवर असलेल्या माणसाला वाटेल की हँडलर चाललाच नाही. नोव्हेंबर २०२३ पासून लॅम्डात जेसन लॉगचा पर्याय आहे, पण कस्टम रनटाइममध्ये तो आपोआप लागू होत नाही. कोणता फॉरमॅट हवा ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मिळतं, ते पाळायचं काम बूटस्ट्रॅप लिहिणाऱ्याचं.

ट्रेसिंगचं (रिक्वेस्टचा प्रवास नोंदवण्याचं) दुखणं याहून मोठं. आपल्याकडचे बरेच एजंट रॅपर स्क्रिप्टने आत शिरतात: एका व्हेरिएबलमध्ये स्क्रिप्टचा मार्ग द्यायचा, लॅम्डा रनटाइम सुरू करताना आधी ती चालवतं. ही सोय मॅनेज्ड रनटाइमपुरती आहे, प्रोव्हायडेडमध्ये ती स्क्रिप्ट आपोआप चालत नाही. व्हेरिएबल लावलेलं राहतं, एररही येत नाही, फक्त ट्रेस येत नाहीत. एक्स-रे (एडब्ल्यूएसची ट्रेसिंगची सेवा) हवा असेल तर नेक्स्टच्या हेडरमधला ट्रेस आयडी प्रत्येक इन्व्होकेशनला संबंधित एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आपणच भरायचा. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, आणि हाताने लिहिलेल्या बूटस्ट्रॅपमध्ये हमखास राहतं.

रिस्पॉन्स स्ट्रीमिंगबद्दल थोडक्यात: कस्टम रनटाइमला ते करता येतं, पण रिस्पॉन्स मोडचं हेडर लावून चंक्ड पोस्ट आपण करायची. नोडमध्ये जे ग्लोबल ऑब्जेक्ट आयतं मिळतं ते बनमध्ये नसेल, म्हणजे जुने स्ट्रीमिंग हँडलर तिथेच अडतील.

चिंचेचं झाड:

अबोलीताई, +१. लॉगचा परिच्छेद प्रिंट काढून भिंतीला लावतो.

बंड्या:

लूप साधा आहे हे खरं, पण त्यात एक खड्डा आहे. तो मी दुसऱ्या एका टीमच्या हातच्या बूटस्ट्रॅपमध्ये पाहिलाय.

नेक्स्टला मारलेलं गेट किती वेळ थांबेल याला मर्यादा नाही. इव्हेंट आला नाही तर लॅम्डा ते एन्व्हायर्नमेंट गोठवून ठेवतं आणि कनेक्शन तसंच लोंबकळत राहतं. म्हणूनच डॉक्युमेंटेशन म्हणतं की या गेटला टाइमआउट लावू नका. आपण तर कुठे लावतो? पण फेच (जावास्क्रिप्टमधलं एचटीटीपी रिक्वेस्टचं फंक्शन) लावतं! नोडचं फेच आतून अंडिची ही लायब्ररी वापरतं, आणि हेडर्स येण्याची वाट ते मुळातच ३०० सेकंद बघतं. बनच्या फेचलाही स्वतःचा डीफॉल्ट टाइमआउट आहे. तो बंद करायचा पर्याय आहे, मात्र तो आपणहून द्यावा लागतो. हे राहिलं तर फंक्शन बराच वेळ निवांत पडून असतं, मग एक रिक्वेस्ट येते, प्रोसेस जागी होते आणि तिला पहिल्यांदा स्वतःचा टाइमआउट उलटलेला दिसू शकतो. लूप फुटतो. पुढची रिक्वेस्ट नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये झकास चालते. दिवसा रहदारी असते तेव्हा सगळं आलबेल, पहाटेच्या पहिल्या ग्राहकाला पाचशेचा एरर.

नोडसाठीचा एडब्ल्यूएसचा अधिकृत क्लायंट या गेटसाठी जावास्क्रिप्टमधलं फेच वापरत नाही, सी++ मध्ये लिहिलेलं नेटिव्ह मॉड्यूल वापरतो. उगाच नाही.

यातली मेख अशी की हे लोकली सापडत नाही. प्रोव्हायडेडच्या बेस इमेजमध्ये रनटाइम इंटरफेस एम्युलेटर असतो, त्याने लूप तपासता येतो, पण गोठणं आणि जागं होणं त्यात नसतं. खऱ्या खात्यावर डिप्लॉय करून, मध्ये भरपूर वेळ सोडून पुन्हा हाक मारणारी टेस्ट लिहावी लागते. फुटाणा, सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) अशी निवांत बसणारी टेस्ट ठेवायची तयारी आहे का?

फुटाणा:

रात्रीच्या जॉबमध्ये ठेवता येईल. प्रत्येक पीआरवर नाही.

गोंयकार:

थोडं अवांतर. आम्ही डेनो (आणखी एक जावास्क्रिप्ट रनटाइम) चालवतो, लूप लिहायच्या फंदातच पडलो नाही. कंटेनर इमेज घेतली आणि लॅम्डा वेब अ‍ॅडॉप्टर घातला. हे एडब्ल्यूएसचं एक्स्टेन्शन आहे: रनटाइम एपीआयशी बोलणं त्याच्याकडे, आपण फक्त ८०८० पोर्टवर साधा एचटीटीपी सर्व्हर उभा करायचा. डेनोच्या डॉक्युमेंटेशनमध्येच ही कृती दिलीय. बनलाही ती तशीच्या तशी लागू पडते, कारण अ‍ॅडॉप्टरला पोर्टपलीकडे कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नाही. बंड्याचा खड्डाही आपोआप टळतो, ते गेट अ‍ॅडॉप्टर मारतो.

एकच काळजी घ्यावी लागते. लॅम्डात टीएमपी फोल्डर सोडलं तर बाकी फाइलसिस्टिमवर लिहिता येत नाही, आणि डेनोला पॅकेजेसची कॅशे लागते. म्हणून इमेज बनवतानाच अ‍ॅप दहा सेकंद चालवून कॅशे भरून घ्यायची आणि मग बंद करायचं. त्या डॉकरफाइलमध्ये टाइमआउटच्या १२४ या एक्झिट कोडला यश मानणारी ओळ आहे. पहिल्यांदा वाचताना माणूस चक्रावतो.

कमतरता सांगायची तर सगळं एचटीटीपीच्या साच्यात बसवावं लागतं. एसक्यूएस (संदेशांची रांग) किंवा एस३ (फाइलींची साठवण) चे इव्हेंट अ‍ॅडॉप्टर एका ठरावीक पाथवर पोस्ट करतो, म्हणजे हँडलर लिहायची पद्धतच बदलते.

सेमीकोलन:

तिथेच तर गंमत जाते. फुटाणाच्या लोकांचे हँडलर 'इव्हेंट, कॉन्टेक्स्ट' असे आहेत ना? ते एका ओळीने न बदलता बनवर जावेत हाच मूळ मुद्दा.

एलएलआरटीचा (लॅम्डासाठीच्या हलक्या जावास्क्रिप्ट रनटाइमचा) विचार केलात का? फेब्रुवारी २०२४ पासून ते एडब्ल्यूएस लॅब्जमध्ये आहे, रस्टमध्ये लिहिलेलं, आत क्विकजेएस हे इंजिन, जेआयटी (चालता चालता मशीन कोड बनवणं) नाही. छोट्या हँडलरला सुरू व्हायला फारच हलकं.

जुनं खोड:

प्रायोगिक असं ते स्वतःच म्हणतात, नोडच्या सगळ्या एपीआय त्यात नाहीत, आणि जेआयटी नसल्याने जड गणिताला उपयोग नाही. पण तुम्ही नकळत माझाच मुद्दा मांडलात. आज बन, उद्या एलएलआरटी, परवा डेनो. एनममध्ये नावं घालत राहणार का?

आणि खरा खर्च कोणी बोलत नाही. मॅनेज्ड नोडमध्ये सुरक्षेचा पॅच आला की एडब्ल्यूएस तो आपोआप लावतं, ते तुम्ही मुद्दाम थांबवलं नसेल तर. प्रोव्हायडेडमध्ये फक्त ऑपरेटिंग सिस्टिम त्यांची. बनची बायनरी तुमची. ती कंपाइल करून प्रत्येक फंक्शनच्या झिपमध्ये कोंबलीत, तर उद्या बनमध्ये एखादं भोक सापडल्यावर प्रत्येक फंक्शन पुन्हा बिल्ड करून डिप्लॉय करावं लागेल. ज्या टीमने वर्षभर डिप्लॉयच केलेलं नाही, त्यांचंही. लेयर असेल तरी लेयरची आवृत्ती एकदा निघाली की बदलत नाही, नवी काढून फंक्शनकडून ती उचलवावी लागते. हे काम कोणाच्या नावावर आहे ते आधी लिहून काढा. फ्रेमवर्कने 'सपोर्ट' म्हटलं की लोक तो तुमचाच शब्द धरतात.

पैशांबद्दल एक गोष्ट मात्र बनच्या बाजूने बोलतो. पूर्वी झिपवाल्या मॅनेज्ड रनटाइमच्या इनिटचे पैसे लागत नव्हते आणि कस्टम रनटाइमला लागत होते. १ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्यांनाच लागतात. म्हणजे तो जुना आक्षेप गेला, आणि इनिट खरंच लवकर उरकत असेल तर आता ते बिलातही उतरेल.

सेमीकोलन:

स्क्रीनशॉट घेतलाय. खोडसाहेब बनच्या बाजूने बोलले.

चिंचेचं झाड:

नेटिव्ह पॅकेजेसचं काय? आमच्याकडे एक जुनं अ‍ॅडऑन आहे.

बंड्या:

एन-एपीआयवर (इंजिनावर न विसंबणारी नोडची नेटिव्ह एपीआय) लिहिलेलं असेल तर बहुधा चालेल. व्ही८च्या सी++ एपीआयवर थेट बेतलेलं असेल तर सांभाळून, बनमध्ये व्ही८ नाहीच. त्या एपीआयची नक्कल आहे, पण अर्धीमुर्धी. आणि प्रोव्हायडेड.एएल२ वर जाऊ नका, तिथली जीएलआयबीसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२६ ची, आजच्या बऱ्याच बायनऱ्यांना ती जुनी पडते. एएल२०२३ मध्ये २.३४ आहे. अ‍ॅमेझॉन लिनक्स २ ची मुदतही ३० जून २०२६ पर्यंतचीच.

फुटाणा:

सगळ्यांचे आभार, काल टीमबरोबर बसलो. कुठे आलोय ते लिहितो.

एनममध्ये नाव वाढवायचं नाही. त्याऐवजी रनटाइम ही फ्रेमवर्कच्या बाहेरून देता येणारी वस्तू करतोय. तिने सांगायचं ते इतकंच: बंडल कसं करायचं आणि काय बाहेर ठेवायचं, लॅम्डाचा रनटाइम कोणता, बूटस्ट्रॅप किंवा लेयर कुठून येतो, आणि कोणत्या सोयी चालतात. शेवटचं अबोलीताईंमुळे आलं. आज आमचं फ्रेमवर्क ट्रेसिंग चालू केलं की डोळे झाकून रॅपरचं व्हेरिएबल लावतं. आता रनटाइमने 'रॅपर चालत नाही' असं सांगितलं असेल तर सिंथ तिथेच थांबेल आणि कारण सांगेल. गपचूप ट्रेस गायब होण्यापेक्षा बिल्ड फुटलेलं परवडतं. स्ट्रीमिंगचं तसंच. लॅम्डा@एजचंही (सीडीएनवर, वापरणाऱ्याच्या जवळ चालणारा लॅम्डा), तिथे नोड आणि पायथन सोडून काही चालतच नाही.

आधी नोडलाच या साच्यातून काढतोय. काहीही न बदलता सगळे जुने स्नॅपशॉट टेस्ट (तयार झालेलं टेम्प्लेट जुन्या प्रतीशी ताडणारे) पास झाले तरच पुढे. एसडीके बाहेर ठेवायची यादी, ईएसबिल्डचं टार्गेट, सोर्स मॅपसाठी नोडला दिलेला पर्याय, हे सगळं जे कोडमध्ये विखुरलं होतं ते एका जागी आलं की दुसऱ्या रनटाइमला किती जागा लागते ते आपोआप कळेल.

बन वेगळ्या पॅकेजमध्ये, 'प्रायोगिक' अशी पाटी लावून. खोडसाहेबांच्या पॅचच्या मुद्द्यामुळे कंपाइल रद्द, लेयर घेतोय: बायनरी एका जागी, आवृत्ती फ्रेमवर्कने पिन केलेली. सुट्या बायनरीचं वजन शंभर एमबीच्या आसपास आहे, उघडलेल्या कोडची मर्यादा लेयर धरून २५० एमबी, म्हणजे ज्यांच्या बंडलमध्ये फॉन्ट आणि हेडलेस ब्राउझर आहे त्यांनी बनच्या वाटेला जाऊ नये.

सेमीकोलन, पॅकेजचा पहिला मेंटेनर म्हणून तुमचं नाव सुचवू का? पीआरवाल्यांना सोबत हवीय.

सेमीकोलन:

अडकवलंत. बरं, चालेल. पण फेचवरून वाद नको, नेक्स्टच्या गेटला टाइमआउट बंद असेल आणि त्यावर रात्रीची टेस्ट असेल, एवढी अट माझी.

अबोली:

लेयर घेताय तर दोन गोष्टी. लेयर रीजनपुरता असतो. मुंबईत पब्लिश केलेला हैदराबादच्या फंक्शनला जोडता येत नाही. दोन्हीकडे काढा आणि आवृत्तीचा क्रमांक दोन्हीकडे सारखाच येईल असं धरून चालू नका, प्रत्येक रीजनमध्ये तो आपापला वाढतो. आणि एका फंक्शनला लेयर पाचच. आमच्या काही फंक्शन्सवर एजंटचेच दोन आहेत.

जुनं खोड:

एक्स८६ आणि आर्म दोन्हींसाठी बायनरी वेगळी, हेही धरा. दोन रीजन गुणिले दोन आर्किटेक्चर. हाताने करायला जाऊ नका.

फुटाणा:

रिलीजची स्क्रिप्ट चारही लेयर एकदम काढेल आणि त्यांचे एआरएन पॅरामीटर स्टोअरमध्ये (एडब्ल्यूएसची सेटिंग साठवायची जागा) ठेवेल, म्हणजे आकडा कुठेच हाताने लिहावा लागणार नाही. नोडच्या रिफॅक्टरचा पीआर या आठवड्यात उघडतो, दुवा इथेच देईन. बंड्या, टेस्टमध्ये मधली विश्रांती किती ठेवू? ३०० सेकंदांहून जास्त हवी हे कळलं, पण तेवढ्यात लॅम्डाने एन्व्हायर्नमेंटच मोडीत काढलं तर टेस्ट उगाच पास होईल.

बंड्या:

मॉड्यूल लोड होताना एक यादृच्छिक आयडी बनवून उत्तरात परत पाठव. दोन्ही वेळा तोच आला तरच टेस्ट मोजायची. वेगळा आला तर पास-नापास काही न ठरवता पुन्हा चालवायची. सहा-सात मिनिटांपासून सुरुवात कर.